कॉम्प्युटरला घालताय, मग त्यातलं गणितही नीट शिकवू दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ॲडमिशनचे दिवस आहेत. आमच्या कॉलेजच्या ऑफिससमोर सकाळपासून पालक उभे असतात, कोणी गुहागरहून पहिल्या एसटीने आलेले, कोणी खेडहून, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच, कॉम्प्युटरला सीट आहे का. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ, मुलगा हुशार आहे हो मॅडम, मोबाईल उघडून स्वतः दुरुस्त करतो, पण गणित नको, गणितात जरा कच्चा आहे. मी गेली १९ वर्षं बीएससी कॉम्प्युटर आणि आयटीच्या पोरांना डिस्क्रीट मॅथ्स शिकवतेय आणि दर जूनमध्ये मला हेच सांगावं लागतं, की काका, तुम्ही ज्या कोर्सला घालताय तो आतून गणितच आहे, फक्त शाळेत भेटलं तसलं गणित नाही, ते वेगळं आहे आणि तुमच्या मुलाला ते जमेल, आम्ही नीट शिकवलं तर. ह्या "आम्ही नीट शिकवलं तर" साठीच हे पत्र लिहितेय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी हे गणित म्हणजे काय ते सांगते, कारण पालकांना ते कोणी सांगतच नाही. कोशात त्याला विविक्त गणित म्हणतात, पोरं नुसतं डीएम म्हणतात, मी वर्गात सुट्या गोष्टींचं गणित म्हणते. खोबरेल आपण मापतो, नारळ मोजतो. खोबरेल पाव लिटर, सव्वा लिटर, मध्ये हवं तेवढं घेता येतं, पण नारळ एकतर ४ नाहीतर ५, साडेचार नारळ कोणी शेकड्यात धरत नाही. कॉलेजात ज्याला कॅल्क्युलस म्हणतात ते खोबरेलाचं गणित, आणि कॉम्प्युटरच्या पोटात सगळे नारळच आहेत, शून्य नाहीतर एक, चालू नाहीतर बंद. म्हणून सेट, लॉजिक, मोजणी, ग्राफ, इंडक्शन असे धडे पहिल्या-दुसऱ्या वर्षाला येतात.

आता हे शिकवतात कसं? मी स्वतः जिथे शिकले (नाव नको) तिथे सरांनी पहिल्या दिवशी वही काढायला लावली आणि सेटची व्याख्या इंग्लिशमध्ये डिक्टेट केली, मग रिलेशनची, मग फंक्शनची, आणि प्रत्येकीपुढे आयएमपी लिहायला सांगितलं. मी सगळं पाठ केलं, मार्क चांगले पडले. पुढे स्वतः शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच सेमिस्टरला एका मुलीने इंडक्शनच्या, म्हणजे एखादी गोष्ट सगळ्या आकड्यांसाठी पायरी-पायरीने सिद्ध करण्याच्या, तासाला हात वर करून विचारलं, मॅडम, जे सिद्ध करायचंय तेच आपण आधी खरं धरतोय, मग ही लबाडी नाही का? मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं तशी पद्धतच आहे. ती खाली बसली, आणि तिचा खाली बसतानाचा चेहरा मला अजून आठवतो, कारण प्रश्न बरोबर होता आणि तो विचारण्याएवढी ती माझ्यापेक्षा पुढे होती. मी परीक्षा पास झाले होते पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

उत्तर मला घरी जाताना आमच्या वाडीच्या पाखाडीवर मिळालं. जांभ्याच्या पायऱ्या, खाली रस्ता, वर घर. पाखाडी सगळी चढता येते असं आपण धरतच नाही. आपण फक्त एवढंच दाखवतो की जर एखाद्या पायरीवर पोचलोच, तर तिथून पुढच्या पायरीवर पाय टाकता येतो, आणि वेगळं दाखवतो की पहिल्या पायरीवर पाय पोचतो. ह्या दोन गोष्टी हातात असल्या की पाखाडी दहा पायऱ्यांची असो की हजार, कुठे अडायची सोयच राहत नाही. "जर पोचलो तर" आणि "पोचलो" ह्यातला फरक त्या मुलीला कोणी सांगितला नव्हता, मीही नाही. दुसऱ्या दिवशी सांगितला.

तेव्हापासून मी ह्या पाखाडीवर एक उलटं गणितही देते. पेटीतले सगळे आंबे सारखेच पिकलेले असतात हे इंडक्शनने सिद्ध करते. एकच आंबा असेल तर तो स्वतःसारखाच, झालं. आता समजा कुठलेही पाच आंबे घेतले तर ते सारखे पिकलेले असतात हे धरलं, मग सहा घ्या, पहिला बाजूला ठेवा, उरलेले पाच सारखे, आता पहिला परत ठेवून शेवटचा काढा, उरलेले पाच सारखे, मधले आंबे दोन्ही वेळा होते म्हणजे सहाही सारखे. आणि हे पाचाचं सहा जसं झालं तसंच पुढे कितीही. वर्ग गप्प होतो. ज्या पोरांनी मे महिन्यात बागेत आंबे काढलेत, पेट्या भरल्यात, त्यांना पक्कं माहीत आहे की हे खोटं आहे, पण चूक कुठे आहे हे बोट ठेवून दाखवायला कधी पाऊण तास जातो. चूक एकाचं दोन होताना आहे, दोन आंबे असताना पहिला काढला की एक उरतो, शेवटचा काढला की दुसराच उरतो, मधला आंबाच नाही जो दोघांना जोडेल. म्हणजे पाखाडीची दुसरी पायरीच निखळलेली आहे. हे ज्याने एकदा स्वतः शोधलं तो पुढे प्रोग्राममधल्या लूपची सुरुवात तपासल्याशिवाय सोडत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या विषयाची सुरुवात व्याख्यांनी होऊ नये, "कशावरून?" ह्या प्रश्नाने व्हावी. पहिले तीन-चार आठवडे तेवढंच करावं.

माझा पहिला तास आता असा असतो. प्रत्येकाने आपल्या किंवा घरच्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे घ्यायचे, एमएच ०८ नंतरचे. ते उतरत्या क्रमाने लिहायचे, मग चढत्या क्रमाने, मोठ्यातून लहान वजा, आलेल्या उत्तराला परत तेच. ३५२४ घेतलात तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि ६१७४ वर गाडी थांबते, कितीही वेळा करा तेच येतं. सगळ्या बेंचांवरून ६१७४ असा आवाज यायला लागतो. मग मी सांगते की हे शोधणारे द. रा. कापरेकर आपल्याच किनाऱ्यावरच्या डहाणूत १९०५ साली जन्मले, देवळालीला शाळामास्तर होते, कागद आणि पेन्सिल एवढ्यावर त्यांनी हे शोधलं. आणि मग विचारते, साठ गाड्यांचं आलं म्हणून सगळ्यांचं येईल कशावरून? कोणीतरी म्हणतोच, मॅडम प्रोग्राम लिहून सगळे तपासू की, चार आकडी आहेत किती, १०,०००. बरोबर. चारही आकडे सारखे असले की शून्य येतं, ते सोडले तर बाकी सगळे जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ ला येतात, आणि सगळे तपासणं हीसुद्धा सिद्धताच आहे.

पण लगेच दुसरं देते. कुठलाही आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, त्यात तोच आकडा मिळवा, वर ४१ मिळवा. शून्याला ४१, एकाला ४३, दोनाला ४७, तीनाला ५३, सगळ्या मूळ संख्या. पोरं दहापर्यंत करतात, वीसपर्यंत करतात, तिसाला कंटाळतात आणि म्हणतात हो मॅडम, नेहमी मूळच येते. ३९ पर्यंत खरंच मूळ येते. ४० ला १६८१ येतं, आणि ते ४१ गुणिले ४१. चाळीस वेळा बरोबर आलेली गोष्ट एक्केचाळिसाव्या वेळी खोटी निघाली हे स्वतःच्या वहीत बघितलं ना, की प्रूफ कशासाठी हवं हे मला वेगळं सांगावं लागत नाही. आता तर मोबाईलला सांगितलं की तो कोड लिहून देतो, पाच उदाहरणं चालवून पण दाखवतो, मग सहावं चालेल कशावरून हे आमच्या पोरांनी नाही विचारायचं तर कोणी?

ग्राफ थिअरीचं, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांच्या गणिताचं सांगते, कारण तिथे आपला किनारा फार कामाला येतो. पुस्तकात कोनिग्सबर्गचे सात पूल असतात, सगळे पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येतं का, ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३६ मध्ये सांगितलं की नाही येत. पोरं चित्र पाठ करतात, शहराचं नाव सांगताना अडखळतात आणि पुढे जातात. मी एका वर्षी ते पुस्तक मिटून ठेवलं आणि फळ्यावर आमच्या खाड्या काढल्या. वरून खाली या. श्रीवर्धन-हरिहरेश्वरची बाजू, मग बाणकोटची खाडी, पलीकडे मंडणगड-दापोली, मग दाभोळची खाडी, पलीकडे गुहागर, मग जयगडची खाडी, पलीकडे जयगडची बाजू. तीन खाड्यांवर तीन फेरीबोटी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. आणि चारही बाजूंना आत हायवेला जाणारा रस्ता, माणगावला, खेडला, चिपळूणला, निवळीला. रस्ते खरं तर अजून पुष्कळ आहेत पण प्रत्येक बाजूचा एकच धरला, आणि अख्खा हायवे म्हणजे एक ठिपका. एक मुलगा लगेच म्हणाला, मॅडम हायवे एवढा लांब, ठिपका कसा? मी म्हटलं हायवेवर आलास की त्यावर कुठेही जाता येतं ना, मग आपल्या प्रश्नापुरता तो एकच. नको ते टाकून देता येणं हा ह्या विषयाचा अर्धा जीव आहे, आणि ते पुस्तकातल्या तयार आकृतीतून शिकता येत नाही, कारण तिथे टाकण्यासारखं आधीच कोणीतरी टाकून दिलेलं असतं.

तर ठिपके पाच, वाटा सात, योगायोगाने कोनिग्सबर्गच्या पुलांइतक्याच. प्रश्न असा, तीनही फेऱ्या आणि चारही रस्ते प्रत्येकी एकदाच करून बाईकवरून फिरता येईल का? पोरं पेन घेऊन गिरवत बसली. दाभोळहून फेरीने रोज ये-जा करणारी एक मुलगी होती, ती पुढे येऊन म्हणाली, दापोलीला तीन वाटा आहेत, मी घरातून निघाले, परत आले, परत निघाले की संपल्या, म्हणजे सुरुवात तिथून केली तर शेवट तिथे होऊच शकत नाही. तिने ऑयलरचं नाव ऐकलेलं नव्हतं. मग सगळ्यांनी वाटा मोजल्या, श्रीवर्धनला दोन, दापोलीला तीन, गुहागरला तीन, जयगडला दोन, हायवेला चार. बेरीज १४, वाटांच्या दुप्पट, कारण प्रत्येक वाटेला दोन टोकं. विषम फक्त दोन, दापोली आणि गुहागर. म्हणजे फिरता येतं, पण एकातून निघायचं आणि दुसऱ्यात संपवायचं. दापोलीहून फेरीने श्रीवर्धन, तिथून हायवे, खेडवरून परत दापोली, दाभोळच्या फेरीने गुहागर, चिपळूणवरून हायवे, निवळीवरून जयगड, आणि शेवटची फेरी तवसाळला, गुहागरात. कोनिग्सबर्गला चारही ठिकाणं विषम होती म्हणून तिथे जमलं नाही. आणि समजा उद्या दाभोळच्या खाडीवर पूल झाला आणि फेरीही चालू राहिली तर? दापोली चार, गुहागर चार, सगळं सम, मग जिथून निघालो तिथेच परत येता येईल. हे शेवटचं पोरांनीच काढलं, मी फक्त खडू दिला.

ह्याला लागूनच पालखी घेते. शिमग्यात पालखी घरोघरी जाते, प्रत्येक घरी एकदा. इथे वाटा नव्हे, घरं एकदाच घ्यायची, ऐकायला तेवढाच फरक आहे. पण वाटांच्या प्रश्नाला सम-विषम मोजलं की उत्तर मिळतं, घरांच्या प्रश्नाला असा झटपट नियम आजवर कोणाला सापडलेला नाही, १९७२ साली रिचर्ड कार्प ह्या संगणकशास्त्रज्ञाने ज्या अवघड प्रश्नांची यादी दिली त्यात हा बसतो. सगळे क्रम तपासू म्हणाल तर दहा घरांचे ३६,२८,८०० क्रम होतात. हाच आकडा भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू किती प्रकारे देता येतील ह्या गणिताचं उत्तर म्हणून, ११५० सालचं. आणि वीस घरं झाली तर सेकंदाला एक कोटी क्रम तपासणाऱ्या मशीनलाही साडेसात हजार वर्षांवर लागतील. वीस घरांची वाडी, सर! फॅक्टोरियल, म्हणजे एकापासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार, किती भयंकर वाढतं हे ह्याहून चांगलं मला तरी सांगता येत नाही.

लॉजिकसाठी तर शोधायलाच नको. पाऊस लागला की लाईट जाते, ह्यावरून लाईट गेली म्हणजे पाऊस लागला असं होत नाही, फ्यूज पण गेला असेल, पण लाईट आहे म्हणजे पाऊस नाही हे मात्र होतं. श्रावणात मासे किंवा मटण खात नाही म्हणणारा माणूस मासेही खात नाही आणि मटणही, "किंवा" चा नकार "आणि" होतो, हा डी मॉर्गनचा नियम, आणि हा डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मलेला. बुलने १८५४ मध्ये विचारांचं बीजगणित मांडलं, १९३७ मध्ये शॅननने तेच विजेच्या स्विचना लावलं, आणि आजचा प्रत्येक मोबाईल त्याच्यावर उभा आहे. भरतीचं पण असंच, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि शुद्ध असो वद्य असो चतुर्थी ती चतुर्थी, कारण वद्य चतुर्थी ही महिन्यातली १९ वी तिथी आणि १९ ला १५ ने भागलं की बाकी ४ च उरते. होडीवर जाणाऱ्या घरातल्या पोरांना हे आजोबांकडून आलेलं असतं. हेच भागाकारात उरणाऱ्या बाकीचं गणित १९७७ च्या आरएसए पद्धतीत आहे, ऑनलाइन व्यवहारांची कुलपं बनवायला जिचा वापर झाला.

मी काय मागतेय ते सांगते. अभ्यासक्रमात धडे आहेत ते बरोबर आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण एका सेमिस्टरमध्ये सगळं कोंबायचं, त्यात गणपतीची सुट्टी, पावसाच्या सुट्ट्या, मग शेवटच्या पंधरा दिवसांत ग्राफचा अख्खा धडा पळवायचा आणि आयएमपी प्रश्नांची झेरॉक्स वाटायची, हे थांबलं पाहिजे. ज्या पोरांना ह्या विषयात केटी लागते, म्हणजे विषय राहतो, त्यांच्याशी मी बसून बोलते, त्यातली कितीतरी विचार करण्यात कमी नसतात, त्यांना इंग्लिश व्याख्येतलं "इफ अँड ओन्ली इफ" कोणी मराठीत फोडून सांगितलेलं नसतं. परीक्षा इंग्लिशमध्ये असू दे, शब्द इंग्लिश असू दे, नोकरीत तेच लागणार आहेत, पण समजावणं मराठीत झालं तर कमीपणा कसला? आमच्या दापोलीजवळच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिले आले, त्यांचंही गणित मुळाक्षरांपासून मराठीतच सुरू झालं असणार ना.

आणि पेपर काढणाऱ्यांना एक विनंती. व्याख्या लिहा, ट्रुथ टेबल काढा हे विचारा, पण एक तरी प्रश्न असा टाका की ही सिद्धता चुकीची आहे, कुठे ते दाखवा. आंब्याचा प्रश्न माझ्याकडून घ्या हवा तर. असा एक प्रश्न दरवर्षी येतो हे कळलं की शिकवणारेही आपोआप तसं शिकवायला लागतील, कारण आमच्याकडे शेवटी शिकवलं तेच जातं जे पेपरात येतं, हे आपण सगळे जाणतो.

पालकांना सांगायचं तर मुलाला गणित येत नाही असं त्याच्यासमोर ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून बोलू नका. दाभोळची ती मुलगीसुद्धा गणितात जेमतेम तरलेली अशीच माझ्या वर्गात आली होती.

सोमवारी नवीन बॅचचा पहिला तास आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात हा विषय शिकवणाऱ्या कोणाला आपल्या गावच्या वाटा, साकव, बाजार, होड्या ह्यातली उदाहरणं सापडली असतील तर त्यांनी ह्याच सदरात लिहावी, मी वर्गात वापरीन. मालवणकडच्या खाड्यांचा ग्राफ मला अजून कोणी करून दिलेला नाही.

आपली,
गणिताची एक प्राध्यापिका, चिपळूण